अनवाणी गेलेल्या बाईची लेक

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा सुतारकाम, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंचा तसा दाखला सोबत जोडला आहे. स्मरणशक्तीही शाबूत आहे. हे वेगळं लिहावं लागतं, कारण माझ्या थोरल्या चुलतभावाने ‘तिला लहानपणचं भलतंसलतं आठवतं, डोकं फिरलंय तिचं’ असं गावभर केलं आहे. या कागदाला कोर्टात हरकत घेणार, असंही तो बोलून बसला आहे. खुशाल घ्यावी.

कलम १. या गावातलं राहतं घर, मागचा कारखाना व अंगण ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. मी याच घरात जन्मले हे खरं, पण ते मला वारशाने मिळालेलं नाही. चुलतभावाने ते परक्याला विकलं आणि त्या परक्याकडून मी रीतसर खरेदीखत करून घेतलं. सबब, चुलतभावाचा त्यावर तीळभरही हक्क नाही.

कोर्टासाठी एवढं पुरे. पुढचं गावासाठी लिहिते.

माझे वडील सुतार होते. कारखान्यात कामाच्या बाकाखाली माझी बसायची जागा होती. वर ते रंधा मारायचे, लाकडाची सालपटं माझ्या डोक्यावर पडायची, ती कानांत अडकवून मी झुमके करायचे. मी चार वर्षांची असताना ते गेले. त्यानंतरही मी तिथेच जाऊन बसायचे. आम्हाला घराबाहेर काढलं त्या दुपारी तिथून मला फक्त पाय दिसले. मोठ्या काकांचे बूट आणि आईची उघडी पावलं.

काका म्हणाले, “आता इथे तुझं काय राहिलंय?”

आई म्हणाली, “भाऊजी, मी रंधा चालवीन. यांनी शिकवलंय मला.”

“तू रंधा चालवणार, मग आम्ही काय बांगड्या भरायच्या?”

आईने मला बाकाखालून ओढून कडेवर घेतलं. आम्ही बाहेर पडलो आणि आतून कडी लागली. भर उन्हात ती स्टँडपर्यंत तशीच चालली. बसमध्ये तिने पाय सीटखाली ओढून घेतले, कुणाला फोड दिसू नयेत म्हणून.

गावात मात्र बातमी झाली की ती स्वखुशीने गेली, कुणाचा तरी हात धरून. जिचा हात धरून ती गेली ती मी. शहरात तिने हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी धुतल्या आणि सुट्टीच्या दिवशी मला रंधा धरायला शिकवला. या गावात तिने पुन्हा पाऊल टाकलं नाही. मी टाकलं.

घर घेतलं तेव्हा चुलतभाऊ, त्याच काकांचा मुलगा, आपल्या मुलीला घेऊन भेटायला आला. म्हणाला, “तू एवढीशी होतीस, बाकाखाली बसलेली. तुला काय आठवणार? काकू आपल्या मर्जीने गेली.”

मी म्हटलं, “मर्जीने जाणारी बाई चपला घालून जाते, भाऊ.”

त्याच्या मुलीने, म्हणजे माझ्या भाचीने, त्यालाच विचारलं, “बाबा, त्या आजी चपला घालून गेल्या होत्या का?”

तो भिंतीकडे बघत म्हणाला, “माझी आई वापरायची नंतर. नव्याच होत्या.”

एवढं बोलून तो उठला. चार दिवसांत पुन्हा माझं डोकं फिरलेलं.

कलम २. घर व अंगण मी या भाचीला देते. सगळ्या गावात विचारणारी ती एकटी. ती मला म्हणाली, “आत्या, लोक म्हणतील, घरासाठी गोड बोलली.” म्हणू देत. या गावाच्या तोंडाला कुलूप बसवणारा सुतार अजून जन्मायचाय.

कलम ३. कारखाना, हत्यारं व साठवलेलं सागवान माझी भागीदार ‘ठेंगणी’ हिला. तिच्या उंचीवर हसणाऱ्यांच्या घरातली कपाटं तिनेच केली आहेत. तिने त्या सागवानातून लाँड्रीतल्या बायकांना बसायला बाक करून द्यावेत. त्या अजून उभ्यानेच घड्या घालतात. बँकेतली शिल्लक त्याच कामाला.

कलम ४. चुलतभावाला मी काहीही देत नाही. हे विसरून नव्हे, आठवून केलं आहे. म्हातारपणी लेकीने त्याला या घरात ठेवून घेतलं तर माझी ना नाही, घर तिचं आहे. पण त्याने पाहुण्यासारखं राहावं, आणि कुणी विचारलं तर खरं सांगावं.

कलम ५. मी गेल्यावर गावातल्या मान्यवरांनी भाषणं करू नयेत. त्यांचं माझ्याबद्दलचं मत मी जिवंतपणीच ऐकून घेतलं आहे.

हे मृत्युपत्र वाचून, समजून, दोन साक्षीदारांसमोर सही केली. दोघांनाही यातून कवडी मिळणार नाही.

साक्षीदार: १. डॉक्टरीणबाई (सही). २. समोरचा बेकरीवाला (सही). “भांडण विकत घेतोय मी,” असं म्हणाला, पण सही टपोऱ्या अक्षरात केली.

लिहून ठेवणार: सुतारीण (सही)

दिनांक: नऊ मार्च

ठिकाण: माझ्या घराची पुढची खोली