दारातल्या कुंडीची माती

अश्विनी,

पहिल्या एसटीनं गुंजवण्याला निघालेय. चहा करून ठेवलाय, तुझ्या सासऱ्यांना बिनसाखरेचा दे.

काल तू दारातल्या कुंडीतली काळी माती गटारात ओतलीस आणि विकतचा नारळाचा भुसा भरलास. झाडाच्या बाजूनं तुझं खरं हाय. ती चिकट माती पाणी धरून बसती, वाळली की विटेसारखी व्हती. वाफ्यात चालंल, कुंडीत मुळं कुजत्यात. तीन तुळशी तिच्यातच गेल्या, मला का कळत न्हाई?

पण ती कुंडी तुळशीसाठी न्हवतीच. ती माती धरणात बुडालेल्या आपल्या वावरातली. नजर गेल्यापासनं हे रोज उठले की आधी तिला हात लावून कपाळाला लावत्यात, मगच चहा घेत्यात. ओतायच्या आधी एका शब्दानं विचारायचं व्हतंस. भुशाला हात लागला की त्यांना तवाच कळंल.

धरणाचं पाणी खाली गेलंय, आपला बांध उघडा पडलाय असं ऐकलंय. पाटी भरून आणते. तवर त्यांना दाराकडं येऊ देऊ नको. कुंडी धुवायला काढलीय म्हण.

आणि पायरीवर काल जरा माती सांडलीय, तिथं झाडू मारू नको. चहाला न्हाईच म्हणाले, तर त्यांचा हात धरून तिथं टेकव.