सुलीचा हिरवा खण

नगर, मंगळवार, जानेवारी १९४६

सुली आज पुन्हा खण घेऊन आली. हिरवा, श्रीगोंद्याच्या एका बाळंतिणीच्या सासूने दिलेला. "न्हाई म्हनू नका बाई, तुमच्या हातावर नातू आलाय," असं म्हणाली म्हणे. सुलीने तिची नक्कल केली. मी हसले. हसले कसली, नुसते दात दाखवले.

आम्ही दोघी एकाच दिवशी नर्स म्हणून लागलो. तिला लगेच बाळंतिणींच्या वॉर्डात घेतलं, मी अजून पुरुषांची गळवं धुतेय. मेट्रनबाई म्हणतात, "आधी वर्षभर सगळं शीक, मग माग." हे सुलीला का नाही सांगितलं? जळतेय मी, दुसरं काय!

वर तो खण तिने मलाच दिला. "मला हिरवा शोभत नाही, तू शिवून घे." आणि मी घेतला! खोलीत एकटीच होते तेव्हा खांद्यावर टाकून आरशात पाहिलं. मला खरंच शोभतो, त्याचीच तर चीड येते.

उद्या मेट्रनबाईंकडे जायचं ठरवलंय. पण "तुला तिकडे कशाला जायचंय?" असं त्यांनी विचारलं तर?

संध्याकाळपासून डोक्यात तो खणच आहे. बाळ कसं आहे, हे सुलीला विचारलंसुद्धा नाही मी.