रेडिएटरातली पेज

मिस्त्रीभाऊ, काल आमच्या पिकपचं इंजिन जाम झालं आणि तुमची अशी आठवण आली की घास हातातच राहिला. गाडी आता माझी थोरली पोरगी चालवते, सावली गावची मासोळी चंद्रपूरला नेते. ती अंगणात आली आणि चप्पल न काढताच म्हणाली, "बाबा, चूक माही आहे. तेलाचा दिवा लागला होता, मी म्हटलं घरापर्यंत येईन." बस्स. एका दमात बोलली आणि हातपाय धुवायला गेली. मी ओरडायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. कोणत्या तोंडानं ओरडू?

ती वैशाखातली दुपार तुम्हाला सांगायची राहिली आहे. तुम्हीच मला गाडी शिकवलीत. मोहल्ल्यातल्या सहा मासेवाल्या घरांनी मिळून घेतलेली, लष्कराच्या लिलावातली ती जुनी पिकप, आणि तिचा एकुलता एक ड्रायव्हर मी. चोवीस वर्षांचा, मिशीला तेल लावून फिरणारा. त्या दिवशी चंद्रपूरच्या रस्त्यावर रेडिएटर टपटप गळत होता आणि डब्यातलं पाणी संपलेलं. मागे पळसाच्या पानांखाली मासोळी, वर आग ओकणारं ऊन, आसपास विहीर नाही. माझ्याजवळ होती आईनं पितळी गंजात भरून दिलेली पेज. आणि मला सुचलं, काय अक्कल बघा, की आई नव्या मडक्यात आधी पेज शिजवते, मग ते मडकं झिरपत नाही. मी रेडिएटरात अख्खा गंज पेज ओतली. आणि खरंच हो, गळती थांबली! मी गाणं म्हणत दोन कोस गेलो. मग खालून असा धडाका झाला की झाडावरची माकडं पळाली. इंजिनाच्या अंगाला भोक पडून दांडा बाहेर डोकावत होता.

बैलांनी ओढून गाडी तुमच्या मांडवाखाली आणली. आठ दिवसांवर तलावात जाळ्याची मोठी ओढ होती, वर्षाची कमाई तिच्यावर, आणि गाडी नसती तर मासोळी काठावरच सडली असती. नवं इंजिन म्हणजे नागपूर, आणि नागपूरचं नाव काढायची कोणाची ऐपत नव्हती. तुम्ही रेडिएटर उघडलात. आत पांढरा राबडा सुकून बसलेला, पाण्याच्या नळ्या बंद. बोटानं खरवडलात, नाकाशी नेलात, आणि माझ्याकडे न बघता चिंधीला हात पुसलात. तेवढ्यात सगळे जमले. म्हाताऱ्या पाटलानं विचारलं, "कोनाची चूक?" तुम्ही म्हणालात, "माही. रेडिएटरची फट मीच झाळली होती, झाळण कच्चं राह्यलं."

मी जमिनीकडे बघत राहिलो. हे लिहितानाही बघतोय.

मग तुम्ही भातगिरणीवाल्या बाईकडे गेलात. तिच्या गिरणीचं जुनं इंजिन आपल्याच गाडीच्या जातीचं होतं. तिनं नवं तेलइंजिन आणलं होतं आणि जुन्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. बाई म्हणाली, "नेता तर न्या, पन माहं नवं इंजिन बसवून द्या, आन् वर्षभर बाजाराच्या दिवशी मासोळी. बारीक नाई, मरळ!" तुम्ही हसून ‘हाव, कबूल’ म्हणालात. चिंचेच्या फांदीला जाळ्याचे दोर बांधले. जाळं ओढताना काढतात तोच हेल काढून आमच्या माणसांनी जुनं इंजिन उपसलं आणि गिरणीचं उतरवलं. गिरणीच्या इंजिनाला पट्ट्याचं चाक होतं; ते काढून जुन्याचा क्लच तुम्ही त्याला जोडलात. जुन्याचे पाय याला बसेनात, तर कानशीनं तीन दिवस भोकं वाढवलीत. तो रेडिएटर मात्र मलाच धुवायला लावलात, गरम पाणी आणि सोडा टाकून, एकदा नाही, सात वेळा. मी एकदा म्हणालो, "भाऊ, मी आता गाडी नाई चालवत. दुसरा कोनी पाहा." तुम्ही पाना खाली ठेवून माझ्यावर खेकसलात, "अबे, गाडी जळली त जळली, तू काऊन जळून राह्यला? ड्रायव्हरचा हात एकदा भ्याला का मंग जंगलातून गाडी जात नाई. चाल, घास!"

ओढीच्या आदल्या सकाळी मी हँडल मारलं. तिसऱ्या झटक्याला इंजिन धडधडलं आणि धुरांड्यातून भाताचा कोंडा असा उडाला की मागे उभ्या बाया नखशिखांत भुऱ्या झाल्या. केवढ्या हसल्या त्या! मीही हसलो, आठवड्यानं. तुम्ही माझ्या बाजूच्या सीटवर एक नवं मडकं ठेवलंत, पाण्यानं भरलेलं. म्हणालात, "घरच्यानं पेज शिजवून देल्ली यात. मडक्यात पेज चालते."

मडक्यात चालते. मला कळलं, तुम्हालाही कळलं की मला कळलं. तरी मी क्लच सोडला आणि निघून गेलो. ते इंजिन नऊ वर्षं चाललं. तुम्ही मात्र मरेपर्यंत ‘कच्च्या झाळणाचे मिस्त्री’ राहिलात, लोक चिडवायचे, आणि तुम्ही त्यांच्याबरोबर हसायचात. तुमच्या तिरडीला खांदा दिला तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही. लाज वाटते, भाऊ. फार वाटते.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकू? उद्या पोरीच्या गाडीचं इंजिन उतरवायचं आहे. भंगारातून एक बरं मिळालंय. दोर धरायला मोहल्ला येईल, आणि कोणीतरी म्हातारा नक्की म्हणेल, झाळण कच्चं नको बरं का, त्या मिस्त्रीसारखं. त्या वेळी सगळ्यांसमोर सांगायचं ठरवलंय की पेज मी ओतली होती. पोरीला आज रात्री जेवताना सांगून पाहिलं. ती पोट धरून हसली, मग म्हणाली, "सांगा बाबा, मी बाजूले उभी राह्यते."

पोरीनं एका दमात सांगितलं. माझा मात्र आत्तापासूनच हात भिऊन राह्यला, मिस्त्रीभाऊ.