आईच्या पोटऱ्या आणि शुभांगीची डबी

२ डिसेंबर १९९८
हरले! तिळाचं तेल चोळून चोळून माझे हात दुखले, आणि आई म्हणते, "शुभांगीचा हात काय हलका गं!" शुभांगी म्हणजे धाकट्या भावाची, महेशची बायको. चांदवडची. लग्नाला वर्ष झालंय. थंडी पडली की आईच्या पोटऱ्या उलतात, खाजवून रक्त येतं. पंधरा हिवाळे तेल मीच लावलं. या बाईने परवा पेट्रोलियम जेलीची डबी आणली आणि राज्य घेतलं! खनिज पदार्थ! संस्कृतात त्याला शब्दच नाही — एवढा पुरावा पुरे.

५ डिसेंबर
खाज थांबली म्हणे. अभिनंदन.

११ डिसेंबर
महेशला मनमाडला रेल्वेचं क्वार्टर मिळालं. सत्तावीसला दोघं जाणार. आई लगेच, "मी पण जाते शुभांगीबरोबर." वरणात मीठ कमी आहे म्हणावं तशा सुरात! मी वरण ढवळत राहिले.

१३ डिसेंबर
शुभांगी भद्रकालीच्या बाजारात गेल्याचं पाहून डबी हस्तगत केली. आईच्या कोरड्याठाक पायांवर सढळ हाताने थापली. आई गोधडीवर बसली. उठली तेव्हा पायांना कापूस, दोरे, मांजराचे केस!
"सुवर्णे, पायांना लावलंस की मांजा सुतलास?"
शुभांगी आल्यावर पोट धरून हसली. हसो.

१८ डिसेंबर
न्हाणीच्या दाराआडून पाहिलं. वार्ताहर आहे मी, याला शोधपत्रकारिता म्हणतात. आईची अंघोळ झाली की शुभांगी तिचे पाय पुसत नाही, टॉवेलने नुसते टिपते. कातडी ओलसर आहे तोवर बोटभर जेली तळहातांवर चोळून हलका हात फिरवते. बस, एवढंच! मागे न बघता म्हणाली, "वन्सं, आत या नाहीतर दार लावा. आईंना गार लागतंय."

२२ डिसेंबर
अगदी तसंच केलं. आई खूश. "जमलं गं तुला!"
"मग राहतेस?"
"छे, मी जाते."
जेलीने असूया जात नाही. डबीवर तसं लिहायला हवं.

२७ डिसेंबर
टेम्पोत भांडी चढवायला शुभांगीने साडी वर खोचली. तिच्या पोटऱ्या — पांढऱ्याफटक, ओरखडलेल्या, दोन ठिकाणी रक्त सुकलेलं. वर्षभर एका घरात, मला कधी दिसल्याच नाहीत. पुढच्या सीटवर बसता बसता आई हळूच म्हणाली, "मला रोज लावते, स्वतःला कधी नाही. तिथे तिला दटावून बसवायला कोण आहे, सांग?"