तीन वेळा रेस

द्रास,
ता. १२ नोव्हेंबर १९६७

ती. भागूआक्कास कडूबाचा सा. न. वि. वि.

मी खुशाल हाय. मिलिटरीचे ट्रक दुरुस्त करायचं काम मिळालंय. थंडी अशी की टाकीतलं डिझेल तुपावानी थिजतं. पहाटं इंजिनाखाली जाळ करावा लागतो, मग ते खोकत खोकत उठतं. तू म्हणायचीस, कडूबाच्या पायाला भिंगरी हाय. इथं मोज्यावर मोजे चढवून ती गपगार झाली बघ.

आबा माझं नाव काढतात का? न सांगता निघून आलो, राग असणारच. काळ्या हातानं उंबरा वलांडला की केवढे ओरडायचे, आधी हात धू म्हणून. इथं कोणी ओरडत नाय. तशाच हातानं खातो.

आपली गाडी कशी चाललीय? लोभ पातळ करू नको.
तुझा कडूबा

छावणी, औरंगाबाद,
ता. ४ डिसेंबर १९६७

चि. कडूबास अनेक आशीर्वाद.

कळवू का नको करत इतके दिवस घालवले. दिवाळी झाल्यावर आबांना दौलताबादच्या रस्त्यावर, गाडीतच झटका आला. गाडी कशीबशी कडेला घेतली, पण इंजिन बंद करायला हात उचलला नाय. डिझेल संपेस्तोवर ते चालूच होतं, त्या आवाजावरच लोक जमले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. गारखेड्याचं घर सासूबाईंवर टाकून मी इथंच हाय.

तुझं नाव ते तू गेल्यापासून घेत नव्हते. आता कुणाचंच घेत नाहीत. भिंतीकडं तोंड करून पडलेले असतात.

गाडी ओढून दारात आणलीय. शेजारच्या गयासचाचांनी आपल्या दुकानातली बॅटरी लावली, डिझेल ओतलं, तरी चालू होत नाय. भंगारवाला रोज चक्कर मारतो. त्याचा आवाज आला की आबा डोळे मिटून घेतात.

जिवाला जप.
भागूआक्का

द्रास,
ता. २२ डिसेंबर १९६७

ती. आक्कास सा. न. वि. वि.

पत्र वाचून तसाच उठलो. साहेबाला रजा मागितली. तो नाय म्हणत नाय, पण जोजिला खिंड बर्फानं बंद झालीय, वैशाखात उघडंल. विमानानं टपाल जातं, पण माणसं फौजेचीच घेतात.

गाडी भंगारात देऊ नको. तिनं हवा धरलीय. डिझेल एकदा पार संपलं की नळीत हवा शिरते, मग नुसतं ओतून भागत नाय. फिल्टरवरचा बारका नट जरा ढिला कर. पंपापाशी बोटाएवढी दांडी हाय, ती दाबत राहा. आधी फेस येईल. नितळ धार लागली की नट आवळ आन् चाचांना सेल्फ मारायला सांग. इंजिन उठलं की पॅडल दाबून तीन वेळा रेस दे, दोन जवळजवळ, तिसरी लांब. राहिलेली हवा निघून जाते. मी कायम तसंच करायचो.

आबांना तिचा आवाज ऐकू दे. बरं वाटंल.
कडूबा

छावणी,
ता. १८ जानेवारी १९६८

चि. कडूबास अनेक आशीर्वाद.

तू सांगितलं तसंच केलं. लुगडं डिझेलनं भिजलं, चाचा हसले. इंजिन उठलं. दोन जवळ, एक लांब, अशी रेस दिली.

आत आले तर आबांचं तोंड दाराकडं. डावा हात उचलून मोरीकडं बोट दाखवत होते. मला कळंना. पाणी दिलं, घेतलं नाय. चाचांनीच वळखलं. म्हणाले, ही रेस कडूबाची, बुढ्याला वाटलं पोरगा आला.

दिवेलागणीपर्यंत आबांनी दारावरची नजर काढली नाय. मग पुन्हा भिंतीकडं वळले. तवापासून पेजसुद्धा गिळत नाहीत. डॉक्टर म्हणाले, ज्यांना बोलवायचंय त्यांना बोलवा.

बाबा, आता युक्त्या लिहू नको. ये.
आक्का

द्रास,
ता. ३ फेब्रुवारी १९६८

ती. आक्कास सा. न. वि. वि.

खिंडीपर्यंत जाऊन आलो. बर्फाच्या भिंती हायत, रस्ता कुठं हाय तेच दिसत नाय.

पत्र पोचंल तवा आबा असले, तर एवढं कर. गाडी चालू कर. तशीच रेस दे, दोन जवळ, एक लांब. मग त्यांच्या कानाशी बस आन् सांग, कडूबा आलाय. गाडीखाली हाय. हात काळे झालेत, धुऊन आत येतो म्हणाला.

तुझा
कडूबा