उंदीर सुजेनात

३ फेब्रुवारी, मंगळवार

नाही सुजले! आजही नाही!

काम म्हणावं तर किती साधं. उंदराच्या मागच्या पंजात सूज आणणारं इंजेक्शन टोचायचं, पंजा टम्म फुगू द्यायचा, आणि आमच्या औषधानं तो उतरतो का ते मोजायचं. पण ज्यांना औषध दिलंच नाही, नुसतं मिठाचं पाणी दिलं, त्यांचेही पंजे ठणठणीत! मग उतरवू काय, कपाळ माझं?

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी बोलावलं. आवाज चढवत नाहीत, हेच वाईट. "सूजच नाही तर औषध कशावर देतेस? या महिन्यात जमलं तर ठीक, नाहीतर सतरा नंबर बंद." सतरा नंबर म्हणजे आमचं औषध. आधीचे सोळा केराच्या टोपलीत गेले. या सतराव्यावर माझी तीन वर्षं गेली आहेत.

घरी आले तर आईनं लोणच्याची बरणी पुढे केली. संधिवातानं तिची बोटं सुजलेली, झाकण फिरत नाही. "उघड गं. काय म्हणतायत तुझे उंदीर?"

"मजेत आहेत. सुजतच नाहीत."

"मग मलाही तेच टोच की!"

५ फेब्रुवारी, गुरुवार

सुई बदलली. इंजेक्शनची नवी बाटली फोडली. वजनकाटासुद्धा तपासून घेतला. उंदीर ढिम्म.

८ फेब्रुवारी, रविवार

दादाचा फोन. बाबांना जाऊन सात महिने झाले, आता तरी त्यांचं कपाट रिकामं करू, म्हणाला. कुणाच्या तरी अंगाला लागतील कपडे. बावीस तारखेला खोकी घेऊन येतोय.

आई एकदम ताठ. "हात लावायचा नाही. त्यात अजून त्यांचा वास आहे."

दर वेळी हेच! मी कपाट उघडून अक्षरशः नाक खुपसलं. शर्ट, शाली, सगळं हुंगलं. लाकडाचा वास आला, बस्स. तसं सांगितलं, तर म्हणे, "तुला नाही यायचा." वाद घालण्यात अर्थ नव्हता. संध्याकाळभर माझ्याशी बोलली नाही, पण जेवायला मात्र आग्रह करकरून वाढलं.

एक गोष्ट कपाटातून आधीच सुटली आहे — बाबांचा राखाडी स्वेटर. तो आईनंच थंडी सुरू झाली तेव्हा मला दिला. "तिथं कुडकुडतेस ना उंदरांच्या खोलीत, घाल ॲप्रनखाली." आजारपणात बाबांनी तो उन्हाळ्यातही अंगातून काढला नव्हता. धुवायचा नाही, ही अट. मला काय, ऊब मिळतेय!

१० फेब्रुवारी, मंगळवार

तापानं फणफणलेय. माझ्या जागी टिवटिव गेली. (माझी जोडीदारीण. तोंडाला क्षणाचीही विश्रांती नाही, म्हणून हे नाव. तिला माहीत आहे. आवडतं म्हणे.) दुपारी फोनवर किंचाळली — "सुजले गं! नुसते लाडू झालेत पंजांचे!"

आनंद झाला. खोटं कशाला लिहू, जळफळाटही झाला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

ताप उतरला, मी गेले, टोचलं, आणि पंजे पुन्हा सपाट! म्हणजे दोष माझ्यातच. तीन वर्षं शिकून मला साधी सुई टोचता येत नाही! पिंजऱ्यासमोर रडू फुटलं. त्या जिवांना उगीच टोचलं, तेही फुकट गेलं, याचं जास्त वाटलं.

टिवटिव बाजूला बसली. आपण दोघी वेगळं काय करतो, ते शोधू म्हणाली. सुई तीच. बाटली तीच. उंदीर धरायची पद्धतही तीच, मीच शिकवलेली. साबण? एकच. तेल? दोघीही लावत नाही. उन्हाळ्यात माझ्या हातचे उंदीर छान सुजायचे, मग थंडीतच काय बिनसलं?

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तो स्वेटर कुणाचा आहे गं? बाप्याचा वाटतो."

"बाबांचा."

टिवटिव चक्क गप्प झाली!

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

मॅडमना सांगितलं. वाटलं, हसतील. हसल्या नाहीत. पुरुषाच्या अंगाच्या वासानं उंदीर घाबरतात, हे त्यांनी वाचलं होतं. मीही वाचलं होतं की! घाबरले की त्यांचं शरीर आपणहून सूज दाबणारं रसायन सोडतं, म्हणजे आमच्या औषधाचं काम आयतंच होऊन बसतं. म्हणून तर आमच्या त्या खोलीत पुरुषांना बंदी आहे. आणि मी एक पुरुष अंगात घालून रोज आत जात होते. धन्य ती मी!

पण एवढ्यावर मॅडम थोड्याच मानतात! "सात महिन्यांनी वास राहतो? मला नाही वाटत. लोकरीचा असेल, कपाटाचा असेल. तपासा." मग ठरलं असं — त्याच कपाटातली आईची लोकरी शाल एका खोलीत ठेवायची, स्वेटर दुसरीत. पंजे टिवटिव मोजणार, कुठे काय ठेवलंय हे तिला न कळता.

आईकडे शाल मागितली. "उंदरांना पांघरायला?" म्हणाली. हो म्हटलं. वासाचं काही बोलले नाही, उगीच कशाला तिच्या आशेला खतपाणी!

१७ फेब्रुवारी, मंगळवार

शालीच्या खोलीत पंजे लाडू.

स्वेटरच्या खोलीत सपाट.

मॅडम म्हणाल्या, "पुन्हा करा."

१९ फेब्रुवारी, गुरुवार

पुन्हा केलं, खोल्यांची अदलाबदल करून. तेच!

मॅडमनी आकडे स्वतः दोनदा तपासले. मग चष्मा काढून म्हणाल्या, "कमाल आहे तुझ्या बाबांची." मी पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर सटकले.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आज स्वेटर घरी. दोन कुडते आणि टिवटिवची ओढणी गुंडाळून गेले, दात वाजत होते. मिठाच्या पाण्याचे पंजे फुगले, झकास फुगले! आणि सतरा नंबरचे उतरले. फार नाही, पण उतरले! मॅडमनी पुढच्या फेरीला होकार दिला. टिवटिवनं मला उचलून गरकन फिरवलं, दोघीही पडता पडता वाचलो.

आईच्या बोटांपर्यंत पोचायला सतरा नंबरला अजून किती वर्षं लागतील, कोण जाणे. पोचेल की नाही तेही. पण आज तो जिवंत आहे.

२२ फेब्रुवारी, रविवार

दादा खोकी घेऊन आला. मी दोघांना बसवलं आणि सगळं सांगितलं. स्वेटर, शाल, दोन खोल्या. "आई, तुझंच खरं. बाबांचा वास आहे. माफ कर, तुझ्यावर विश्वास नाही ठेवला."

वाटलं, आता ऐकवेल चांगलं. आईनं स्वेटर मांडीवर घेतला, सुजल्या बोटांनी त्याची बाही सरळ करत राहिली.

"मला कधीचाच येईनासा झालाय गं," म्हणाली. "उंदरांना येतो ना नक्की?"