आठ कोपऱ्यांचा पत्रा

मोहम्मद बिन झायद सिटी, अबुधाबी
शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

प्रिय कुलसुम आपा,

अस्सलामु अलैकुम. आम्ही सगळे खुशाल आहोत, तुम्हीही असाल. सोडे मिळाले. पिशवी उघडली आणि वास लिफ्टपर्यंत गेला. शेजारीण गॅस लीक झालाय का विचारून गेली. तुझ्या सोड्यांनी इथं चांगलंच नाव काढलं.

आज हिला कागद-पेन कुठून सुचलं, म्हणशील. आपल्या गावचा जहूर उद्या रात्री तिकडे निघालाय, त्याच्या हाती देतेय. फोनवर बोलता येत नाही. इनायाच्या अब्बांचे कान हल्ली फार तिखट झालेत, किचनमधलं कुजबुजणंही त्यांना हॉलमध्ये कळतं.

उद्या त्यांचा वाढदिवस. इनाया आठवडाभर कार्ड करतेय. अकरा वर्षांची घोडी झाली, पण पसारा असा घालते की विचारू नकोस. तांब्याची तार, पितळेच्या टिकल्या, बारीक साखळी दुकानातून आणली आणि अब्बांच्या टूलबॉक्समधले वॉशर पळवले. तार वाकवून अक्षरं केली, वॉशरची चाकं लावून व्हॅन केली. कार्ड इतकं जड झालंय की उभं राहत नाही. आणि रंगाचा पत्ताच नाही. पांढऱ्या कागदावर नुसतं धातूचं काम. मी म्हटलं, "अगं, लग्नाची पत्रिका तरी याहून रंगीत असते. दोन स्केचपेन फिरव."

"नो नीड, अम्मी," ती मान वर न करता म्हणाली. "क्लोज युवर आइज. नाउ रीड."

मी डोळे मिटले. तिनं माझं बोट धरून तारेवरून फिरवलं. ए, बी, बी, ए. अब्बा. मग चाकं.

आपा, जे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, ते पोरीला ठाऊक होतं.

हे पत्र मी जेवणाच्या टेबलावर त्यांच्यासमोर बसून लिहितेय. ते चहा पितायत. कागद त्यांच्यापासून हातभर लांब आहे आणि मला तो झाकावा लागत नाही. त्यांना वाचता येत नाही, आपा. समोरचा चेहराही धड दिसत नाही. साखरेनं डोळ्यांचे पडदे बिघडवले. जुलैमध्ये डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनं देऊ, पण गाडी चालवणं आजपासून बंद. हे हो म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅन घेऊन गेले. चौदा माणसं रीम आयलंडच्या ऑफिसात सोडायची, तीच नोकरी, तोच आमचा व्हिसा. "रस्ता मला पाठ आहे, नबिला. कुणाला बोलू नकोस. लायसन्स गेलं की खलास."

मीही तोंड शिवून बसले. ते निघाले की तसबीहची माळ हातात घेते, पोचल्याचा फोन येईपर्यंत ती खाली ठेवत नाही.

ते नमाजला गेले तेव्हा मी इनायाला विचारलं. शाळेत जाताना ती पुढे त्यांच्या शेजारी बसते. "आय टेल हिम रेड, आय टेल हिम ग्रीन. इट्स अवर गेम," ती म्हणाली. "बट अम्मी, आय गेट डाउन ॲट स्कूल. देन हू टेल्स हिम?"

मग माझं बोट तिनं कार्डातल्या शेवटच्या तुकड्यावर नेलं. कडा घासून गुळगुळीत केलेला पत्रा. कोपरे मोजले, आठ. रस्त्यावर थांबायची लाल पाटी असते ना, तीच. ड्रायव्हरच्या बोटांना ती कळणारच. 'हॅपी बर्थडे' कार्डावर कुठेच नाही.

मला फार भीती वाटतेय. कार्ड दिलं तर घर, शाळा, व्हिसा सगळंच जाईल. नाही दिलं तर परवा सोमवार आहे, आणि ती चौदा माणसं. कार्ड लपवायला मी कपाटाच्या वरच्या खणात जागासुद्धा पाहून ठेवलीय.

रविवार, सकाळ

लपवलं नाही. नाश्त्याला इनायानं कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते डोळ्यांपुढे धरलं आणि हसून म्हणाले, "माशाल्ला, काय सुंदर कलर दिलेत!"

तिनं त्यांचं बोट तारेवर ठेवलं. अक्षरं झाली, चाकं झाली, मग तो पत्रा. बोट कडेनं फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं. आता भिरकावतील, असं मला वाटलं.

"कधीपासून माहीत आहे तुला?" त्यांनी तिला विचारलं.

"सिन्स दॅट डिलिव्हरी अंकल ऑन द बाइक, अब्बा. यू डिडन्ट सी हिम. आय स्क्रीम्ड."

हे मला दोघांनीही सांगितलं नव्हतं.

त्यांनी खिशातून व्हॅनची चावी काढली आणि चाचपत माझा हात शोधून त्यात ठेवली. "उद्या ऑफिसला फोन तू कर. माझ्याच्यानं बोलवणार नाही."

चावी माझ्या ओढणीच्या गाठीत आहे, तरी सारखी चाचपून बघते. उद्या कंपनी काय म्हणेल, कुठे जाऊ, काही सुचत नाही. तुझी मागची खोली रिकामी आहे का, ते कळव. आपल्या अम्मीला सांगू नकोस. नाही, सांग.

आत्ता विचारलं त्यांनी, "कालही माझ्यासमोर बसून माझंच लिहीत होतीस ना?" पेनाचा आवाज ऐकत होते म्हणे. मी हो म्हटलं. "आण इकडे. मीपण सही करतो. आपाला कळू दे, तू काय लिहिलंस ते मला माहीत आहे म्हणून."

सही थेट माझ्या नावावर चढलीय. दोन्ही नावं नीट वाचता येणार नाहीत, पण मी दुसरा कागद घेतला नाही.

तुझीच,
नबिला
अक्रम